दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

२ मे २०११ च्या रात्री अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी मिसिसिपी नदीच्या मिझुरी राज्याकडचा बांध बर्ड्स पॉइंट इथे सुरुंग लावून उडवला. सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. पैलतीरावरचं केरो गाव वाचावं, हा त्यामागचा मोठा हेतू. २०१० च्या जनगणनेत केरोत माणसं होती २,८३१. एवढ्याशा गावासाठी एवढं रान बुडवायचं का, असा वाद पेटला. मिझुरी विधानसभेच्या अध्यक्षांनी तर शेतापेक्षा केरो बुडालेलं चालेल असं उघडपणे सांगितलं. नंतर माफी मागितली. बुडालेल्या भागात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वसवलेलं पिनहूक हे खेडंही होतं. ते पुन्हा तिथे उभं राहिलं नाही.

केरो हे इलिनॉय राज्यातल्या अलेक्झांडर काउंटीचं मुख्य ठिकाण. आपल्याकडे जिल्ह्याचा गाव असतो तसं, पण आकाराने तालुक्याच्या गावाहूनही लहान. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, स्थानिक लोक मात्र 'केरो' म्हणतात. राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, पूर्वेकडून येणारी ओहायो आणि पश्चिमेकडची मिसिसिपी यांच्या बेचक्यात ते वसलं आहे. संगमावर मिसिसिपीपेक्षा ओहायोच जास्त पाणी आणते, तरी पुढे नाव मिसिसिपीचंच चालतं. दोन्ही नद्यांचा गाळ साचून झालेली ही सखल जमीन. म्हणून गावाभोवती बांध, आणि उत्तरेला रस्त्यावर एक अजस्र पोलादी दरवाजा. पूर आला की तो लावून घ्यायचा.

नकाशावर ही जागा पाहिली की कुणालाही मोह पडावा. १८०३ च्या नोव्हेंबरात पश्चिमेकडे मोहिमेवर निघालेल्या लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी इथे मुक्काम करून अक्षांश-रेखांश मोजण्याचा सराव केला. १८१८ मध्ये जॉन कोमेजिस या व्यापाऱ्याने 'केरो' नावाचं शहर आणि त्याच नावाची बँक काढण्याची सनद मिळवली. तो लवकरच वारला आणि बेत कागदावरच राहिला. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुकने नवी कंपनी काढून लंडनमध्ये रोखे विकले. तीही काही वर्षांतच बुडाली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स इथून गेला, तेव्हा त्याला दिसली ती दलदल आणि हिवतापाने खंगलेली माणसं. त्याने जे लिहिलं त्यामुळे गावाची बदनामी कायमची झाली.

गावाला खरा जीव आला तो रेल्वेमुळे. १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे केरोपर्यंत आली. १८६० मध्ये काउंटीचं ठिकाणही थीब्जहून इथे हललं. (थीब्ज, जवळचंच कारनाक, केरो: सगळी इजिप्तमधली नावं! दक्षिण इलिनॉयला 'इजिप्त' म्हणतात ते उगाच नाही.) लगोलग उत्तरेची आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. सप्टेंबर १८६१ मध्ये उत्तरेचा सेनानी युलिसिस ग्रँट याने इथे तळ हाती घेतला. पुढे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन या दक्षिणेच्या किल्ल्यांवरच्या मोहिमा इथूनच निघाल्या. ज्या टोकावर शहर उभं राहत नव्हतं, तिथे हजारो सैनिक आणि चिलखती गनबोटी जमल्या.

त्याच काळात दक्षिणेतून सुटून आलेले गुलाम बोटींनी इथे उतरू लागले. त्यांच्यासाठी छावणी उघडली गेली आणि त्यातले बरेच जण इथेच राहिले. १९०० च्या सुमारास गावात तिघांपैकी एकाहून अधिक माणसं कृष्णवर्णीय होती. केरोची पुढची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते. गाव ओस का पडलं याचं उत्तर बहुतेक जण पुरात आणि पुलांत शोधतात. पुलांचा वाटा आहेच: १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला आणि डबे नावेतून पलीकडे नेण्याचं काम संपलं, १९७८ मध्ये महामार्गाचा नवा पूल झाला आणि रहदारी गावाला वळसा घालून जाऊ लागली. पण मधल्या वर्षांत गावाने स्वतःच्याच माणसांना कसं वागवलं, ते वगळून हा हिशेब जुळत नाही.

११ नोव्हेंबर १९०९ रोजी हजारोंच्या जमावाने विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) ताब्यातून ओढून काढलं आणि भर चौकात, विजेच्या दिव्यांच्या कमानीखाली ठार मारलं. राज्यपालांनी शेरीफला पदावरून दूर केलं. तो परत येऊ पाहत होता, तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स स्वतः केरोत आल्या, साक्षी-पुरावे गोळा केले आणि सुनावणीत उभ्या राहिल्या. शेरीफला पद परत मिळालं नाही. त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईने हे करून दाखवलं.

१९२० मध्ये लोकसंख्या १५,२०३ वर पोचली, नंतर ओहोटीच लागली. १९६२ मध्ये तरुणांनी पोहण्याच्या तलावात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून निदर्शनं केली. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी १९६३ मध्ये बंदच केला गेला. जुलै १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला आणि गाव पेटलं. १९६९ पासून 'युनायटेड फ्रंट' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती: आम्ही गिऱ्हाईक आहोत, तर आम्हाला नोकरीही द्या. बहिष्कार काही वर्षं चालला. कित्येक दुकानदारांनी कृष्णवर्णीय माणूस कामावर ठेवण्यापेक्षा दुकानालाच कुलूप लावलं. ती पेठ पुन्हा भरली नाही.

१९८६ मध्ये रुग्णालय बंद झालं, २०१५ मध्ये किराणा मालाचं मोठं दुकान. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एल्मवुड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी वसाहती राहण्यालायक नाहीत म्हणून रिकाम्या करायचं ठरवलं. गावात दुसरी घरं पुरेशी नव्हती, त्यामुळे बऱ्याच कुटुंबांना केरो सोडावं लागलं. त्यांना वाचवायला बांध फोडला, त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. २०२० च्या जनगणनेत गावात १,७३३ माणसं उरली.