शिक्षक घडवण्यातून गाव कधी बाहेर पडलं? खानदेशातली पार्श्वभूमी

बी.एड.च्या सराव पाठासाठी मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत उभा होतो. पहिलीचा वर्ग, हातात पक्ष्यांचा तक्ता. एका मुलीला विचारलं, “हे काय?” ती हळूच म्हणाली, “चिडी.” मी म्हटलं, “नाही, चिमणी.” त्यानंतर तास संपेपर्यंत ती बोलली नाही. बाहेर खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला नंतर म्हणाल्या, “चिडी म्हन्जे चिमनीच ना, सर.” माझ्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, ‘पूर्वज्ञान’ (मुलांना आधीच काय येतं) हा रकाना होता. तो मी आदल्या रात्री, खोलीवर बसून भरला होता.

आज विद्यापीठं शिक्षक-प्रशिक्षणात ‘समाजाचा सहभाग’ आणू म्हणतात, तेव्हा मला तो रकाना आठवतो. खानदेशात हा सहभाग नवा नाही. तो होता आणि मधल्या काळात सुटला.

सातवीची व्हर्नाक्युलर फायनल (मराठी शाळेची शेवटची परीक्षा) पास झालेला मुलगा मास्तर व्हायचा, त्या काळात प्रशिक्षण तुटपुंजं होतं, पण पोराची बोली आणि घरची परिस्थिती मास्तरला पाठ असायची. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसोबत ते छात्रालयात राहिले, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत राहिले. मूल समजून घेण्याची त्यांची जागा वर्गाबाहेर होती. 1937 च्या वर्धा परिषदेतून गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा पुढे आला. मुलाला हातातल्या कामातून शिकवायचं, तर ते काम शिक्षकालाही यायला हवं, हे त्यात ओघानंच आलं.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या. गावांनी जागा दिल्या, श्रमदान केलं. पण 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. बी.एड. महाविद्यालयं विद्यापीठाशी जोडलेली, आधी पुण्याच्या आणि 1990 पासून जळगावच्या. शाळा एकाकडे, शिक्षक घडवणं दुसऱ्याकडे, आणि गाव कुणाच्याच कागदावर नाही. माझ्या मते खरी तूट इथे पडली. महाविद्यालय शाळेकडे वर्षातून काही दिवस ‘तास मागायला’ जायचं. मुख्याध्यापक जमेल तसे तास द्यायचे. सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा सराव) तर आपसातच, छात्राध्यापक म्हणजे शिकाऊ शिक्षकच विद्यार्थी होऊन बसायचे.

पुढे खासगी अध्यापक विद्यालयांचं (डी.एड. कॉलेजांचं) पेव फुटलं. महाराष्ट्रातल्या अशाच 291 संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाच्या 2012 च्या अहवालानं प्रत्येक प्रशिक्षण संस्थेला प्रयोगशाळेसारखी स्वतःची शाळा जोडलेली असावी, असं सुचवलं. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात प्रत्यक्ष शाळेतल्या कामाला 20 आठवडे मिळाले. वेळ वाढला ही मोठीच गोष्ट.

सातपुड्यात मात्र उलट्या बाजूनं सुरुवात झाली होती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदाकाठच्या चिमलखेडीसारख्या, सरदार सरोवर धरणाच्या बुडितातल्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या. शिकवणारे तिथलेच तरुण. आधी गावानं माणूस निवडला, मग त्याचं प्रशिक्षण झालं. पावरी, भिलोरी या तिथल्या आदिवासी बोलींतल्या गोष्टी वर्गात आल्या. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जे कळलं, ते जळगाव-धुळ्याच्या अभ्यासक्रमात फारसं उतरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. खानदेशात अहिराणी आहे, लेवा बोली आहे, तावडी, गुजरी, मावची आहे. इतक्या बोलींच्या मुलखात शिक्षक एकाच भाषेत तयार होतो.

जोडायला दुवे आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. आंतरवासितेला (शाळेतल्या प्रत्यक्ष कामाच्या काळात) आलेल्या छात्राध्यापकानं पहिल्या आठवड्यात या समितीसोबत बसावं, वस्तीवर दोन-चार घरी जावं, मगच टाचण लिहायला घ्यावं, असा करार महाविद्यालय आणि शाळा यांच्यात होऊ शकतो. नव्या शैक्षणिक धोरणातला पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम रुजतो आहे, त्यात हे पहिल्याच वर्षी बसवता येईल.

मी आता छात्राध्यापकांच्या वह्या तपासतो. ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात मुलांच्या घरचे निदान पाच शब्द आणि ते कुणी सांगितले, एवढं लिहिलेलं नसेल, तर वही परत देतो. परवा एका वहीत पाचही शब्दांपुढे लिहिलं होतं : खिचडीवाल्या मावशी.