किती पैकी? कंपनीच्या 'हिरव्या' दाव्यांची उलटतपासणी

सज्जनगड, ठोसेघर करत वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांच्या रांगाच लागतात, पावसाळ्यात धुक्यात अर्धी पाती गायब असतात आणि निम्म्या साताऱ्याचे रील्स तिथंच शूट होतात. आता वीज, तेल, कोळसा यातलं काहीही विकणाऱ्या कंपनीच्या वार्षिक अहवालाचं कव्हर बघा, बहुतेकदा असलाच फोटो असतो. फोटो खोटा नसतो हो, पण कंपनीच्या एकूण धंद्यात त्या फोटोचा वाटा किती, ते कव्हरवर कोणी छापत नाही.

पोरगं शाळेतून येऊन "40 मार्क पडले" म्हणालं की आज्जी आधी विचारते, किती पैकी? कंपन्यांनाही एवढंच विचारायचं. ब्रिटनमध्ये 2023 ला जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं शेल या तेल कंपनीच्या जाहिराती याच मुद्द्यावर अडवल्या. जाहिरातीत पवनऊर्जा, गाड्यांचं चार्जिंग वगैरे होतं आणि ते खरंही होतं, पण कंपनीचा मोठा धंदा तेल आणि गॅसचा आहे हे सांगितलंच नव्हतं, त्यामुळं बघणाऱ्याची दिशाभूल होते असं ठरलं.

सगळ्यात जास्त गंडवणारा आकडा म्हणजे मेगावॅट, ती यंत्राची क्षमता असते, प्रत्यक्ष झालेली वीज युनिटमध्ये मोजतात. 1 मेगावॅटची पवनचक्की वर्षभर फुल स्पीडनं फिरली तर 87 लाख 60 हजार युनिट वीज होईल, पण वारा काय आपला नोकर नाही, आपल्याकडं तो जोरात असतो तो जून ते सप्टेंबर, बाकीचे महिने पाती निवांत. वर्षाचा हिशोब केला की क्षमतेच्या साधारण 20 टक्के धरू, म्हणजे साडेसतरा लाख युनिट. आता कंपनी म्हणते "इतक्या घरांना वीज". महिन्याला 100 युनिट जाळणारं घर धरलं तर या एका पवनचक्कीवर साधारण 1,460 घरं चालतात, पण कोणी फुल क्षमतेनं गुणाकार केला तर हाच आकडा 7,300 वर जातो. आणि ही "घरं" पण कागदावरचीच, कारण एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजता वारा पडलेला असताना त्या घरातला पंखा कोयनेच्या पाण्यावर नाहीतर कोळशावरच फिरतो. पवनचक्की वाईट आहे असं म्हणायचं नाही, पण दावा युनिटमध्ये मागायचा, मेगावॅटमध्ये नाही.

दुसरी गंमत "उत्सर्जन 20 टक्क्यांनी कमी" या वाक्यात असते. समजा कंपनीनं मागं 100 कोटी युनिट वीज केली आणि दर युनिटमागं 900 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे एकूण 9 लाख टन. आता ती 150 कोटी युनिट करते आणि दर युनिटमागं 720 ग्रॅम सोडते. युनिटमागं 20 टक्के घट झाली की नाही? झाली. पण एकूण किती, तर 10 लाख 80 हजार टन, म्हणजे 20 टक्के वाढ! दोन्ही आकडे खरे, पण फ्लेक्सवर कुठला जाणार हे सांगायला नको, आणि हवेला युनिटशी काही देणंघेणं नाही, तिथं एकूण टनच साठतात.

तेलाच्या कंपन्यांचं तर अजून वेगळं. उत्सर्जनाचे तीन कप्पे करतात, स्कोप 1 म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या चिमणीतून, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं आणि स्कोप 3 म्हणजे बाकी सगळं, त्यात आपण गाडीत टाकून जाळलेलं पेट्रोल पण आलं. तेल कंपनीचं 80 टक्क्यांच्या वर उत्सर्जन या तिसऱ्या कप्प्यात असतं. त्यामुळं "आमचं कामकाज नेट झिरो होणार", म्हणजे जेवढं सोडू तेवढं शोषून हिशोब शून्यावर आणू, असं कोणी म्हणालं की नीट वाचायचं, कामकाज म्हणजे पहिले दोन कप्पे, विकलेलं तेल त्यात धरलंय का? आणि शब्द पाळतात का तेही बघायचं. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीनं 2020 ला सांगितलं की 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू, 2023 ला ते 40 वरून 25 टक्क्यांवर आणलं आणि 2025 ला ते उद्दिष्टच बाजूला ठेवून पैसा परत तेल-वायूकडं वळवला.

झाडांचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त हसू तिथंच येतं. मोठं झालेलं एक झाड वर्षाला साधारण 20 किलो कार्बन डायऑक्साइड घेतं असं धरतात, झाडागणिक कमीजास्त. एक लाख झाडं, सगळी जगली असं समजलं तरी, 2,000 टन. आता कोळशावरचा 500 मेगावॅटचा एक संच 70 टक्के क्षमतेनं चालला तर तासाला सव्वातीनशे टनाच्या वर सोडतो, म्हणजे लाख झाडांची वर्षभराची कमाई सहा तासांत खल्लास. वृक्षारोपणाचा फोटो मात्र पानभर असतो, मंत्री खुरपं धरून.

सांगलीकडं साखर कारखान्यांच्या कोजनचा, म्हणजे कारखान्यातच वाफेसोबत वीज करण्याचा, दावा त्यामानानं बराच सरळ आहे. बगॅस, म्हणजे रस काढलेलं उसाचं चिपाड, जाळून निघणारा कार्बन उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, हे बरोबर. पण उसाला टाकलेला युरिया, टाकारी-म्हैसाळच्या योजनांमधून कृष्णेचं पाणी वर चढवायला लागलेली वीज, उसाच्या ट्रॅक्टरचं डिझेल हे धरलंय का, आणि गाळप हंगाम संपल्यावर बॉयलरमध्ये काय जळतं, हे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि कार्बन सोडून पण काही असतं. चाळकेवाडीच्याच पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 ला आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि त्यांचं भय गेल्यामुळं गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, जवळपास तिप्पट. हे सरडे इतके निर्धास्त झालेले की माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नव्हते, रक्तातलं ताणाचं हार्मोनही कमी. सरडे मजेत आहेत म्हणून आपण खूश व्हायचं का? तर नाही, पठारावरची खाण्याची साखळीच हलली ना. कार्बनचा दावा खरा असूनही "पर्यावरणपूरक" हा शब्द इथं अर्धाच खरा ठरतो.

हे सगळं तपासायचं कुठं? शेअर बाजारातल्या पहिल्या 1,000 कंपन्यांना सेबीनं 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, कंपनीच्या पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, नेटवर फुकट मिळतो. चकचकीत पानं सोडायची आणि थेट उत्सर्जनाच्या तक्त्यावर जायचं, शेजारी मागच्या वर्षीचा आकडा असतोच. मागच्या वर्षीचा अहवाल पण उघडायचा, तिथं तोच आकडा वेगळा असेल तर तळटीप शोधायची, हिशोबाची हद्द, म्हणजे कुठले प्रकल्प धरायचे ते, बदलली असेल किंवा एखादा प्रकल्प विकून टाकला असेल. प्रकल्प विकला म्हणजे धूर बंद झाला नाही, फक्त मालक बदलला. बाहेरच्या तपासनीसाची सही असेल तर ती नेमकी कुठल्या आकड्यांवर आहे ते बघायचं, कधीकधी सगळ्या अहवालावर नसतेच.

जाहिरातीसाठी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2024 ला ग्रीनवॉशिंगची, म्हणजे पर्यावरणाच्या नावानं दिशाभूल करणाऱ्या दाव्यांची, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. नुसतं "ग्रीन" किंवा "इको-फ्रेंडली" म्हणून भागत नाही, पुरावा लागतो, आणि पुढच्या तारखेचं वचन द्यायचं असेल तर तिथं पोचायची ठोस योजना तयार पाहिजे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.