रांगेतल्या फेरीपासून एक मीटरच्या चौकटीपर्यंत

अमेरिकेतले यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा कायद्यात भाषा होती ती लोकांच्या लाभाची आणि आनंदाची. शाळा या चित्रात नव्हत्या. १९२० मध्ये हॅरोल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर यांनी तिथल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मोफत निसर्ग-मार्गदर्शन सुरू केले. दिवसा पायी फेरी, रात्री शेकोटीभोवती माहिती. जगभरच्या उद्यानांत शालेय सहल आजही बरीचशी याच वळणावर चालते. पण ही पद्धत मुळात हौसेने आलेल्या पर्यटकांसाठी होती. चाळीस मुलांची रांग अरुंद वाटेवर उभी राहिली की मागच्या निम्म्यांना मार्गदर्शकाचे बोलणे ऐकूच येत नाही.

उद्यानांतल्या मार्गदर्शनावर लिहिणारे फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्येच बजावले होते की, मुलांसाठीचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमाची पातळ आवृत्ती नव्हे. त्याची मांडणीच वेगळी हवी. १९७७ च्या तिबिलिसी इथल्या पर्यावरण शिक्षण परिषदेने जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टे ठरवली. त्यातली शेवटची दोन नुसते ऐकून साधत नाहीत. आमच्या मते खरे वळण हेच.

१९७८ मध्ये शालेय सहलींवरच्या फॉक, मार्टिन आणि बॉलिंग या संशोधकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. जागा अगदी अनोळखी असली की मुलांचे लक्ष ती जागा न्याहाळण्यातच जाते आणि नेमून दिलेले काम मागे पडते. म्हणून भेटीआधी वर्गात एक तास घ्यावा. त्यात नकाशा, पायवाटेचे फोटो, स्वच्छतागृह कुठे, डबा कधी खायचा, सगळे सांगून टाकावे. हा तास वेळ वाचवण्यासाठी गाळला, तर उद्यानातला पहिला तास त्यातच जातो.

प्रत्यक्ष कामासाठी चार खुंट्या आणि चार मीटर सुतळी पुरते. एक मीटर बाजूची चौकट, तिच्याभोवती चार-पाच मुले. जागा मुलांना निवडू दिली, तर ती हमखास फुलाजवळ खुंटी ठोकतात आणि नोंदी एकांगी होतात. त्यामुळे पायवाटेपासून किती पावले जायचे ते चिठ्ठी काढून ठरवावे. पालापाचोळा थराथराने उचलावा, ओलावा बोटाने पाहावा, किडे मोजावेत. दगड उलटायचा तर आपल्याकडे ओढून, म्हणजे खालचा प्राणी पलीकडे निसटू शकतो. मग तो दगड होता तसाच परत ठेवावा. एकाच चौकटीवर रोज नवी शाळा बसवली, तर माती दबते आणि रोपे उगवेनाशी होतात. जागा फिरत्या ठेवाव्यातच.

नोंदीच्या तक्त्यात रिकामा रकाना सोडू देऊ नये. गोगलगाय दिसली नाही, तर तिथे शून्य लिहावे. परतल्यावर वर्गात सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडताना रिकाम्या रकान्यावरून कळत नाही, की गोगलगाय नव्हती की कुणी शोधलीच नाही.