हौशी शिकार आणि हरणांचे संख्यानियंत्रण

हरणे जंगलाला पेलतील इतकीच राहावीत म्हणून हौशी शिकाऱ्यांना परवाना देऊन ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येने शिकार करू देण्याची पद्धत. अमेरिकेत ती विशेष रुजली आहे.

लांडगे, प्यूमा यांसारखे शिकारी प्राणी नाहीसे झाले की हरणांना आवर राहत नाही. चारा मुबलक असेल तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मादी दरवर्षी विते, पुष्कळदा जुळी पाडसे देते. मग कोवळी रोपे उगवताच खाल्ली जातात आणि जंगलात जुनी झाडे तेवढी उरतात. मॅसॅच्युसेट्समधील क्वॉबिन जलाशयाभोवती अनेक दशके शिकार बंद असल्याने हेच झाले होते. १९९१ पासून नियंत्रित शिकार सुरू झाल्यावर तेथे रोपे पुन्हा वाढू लागली.

किती हरणे मारली यापेक्षा कोणती मारली, हा येथे कळीचा मुद्दा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे नुसते नर टिपून पुढच्या वर्षीची पाडसे फारशी घटत नाहीत. शिकाऱ्याला मात्र शिंगे हवी असतात. या आवडीमागे इतिहासही आहे. विक्रीसाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास अमेरिकेतील हरणे संपत आली होती. कळप पुन्हा वाढावेत म्हणून अनेक राज्यांनी माद्या मारण्यास बंदी केली आणि ‘मादी मारू नये’ हा शिकाऱ्यांचा संस्कारच बनला. कळप वाढले, संस्कार राहिला. विस्कॉन्सिनने १९९६ मध्ये काही भागांत ‘आधी मादी, मग नर’ असा नियम लावला. हरणे घटवण्यात तो प्रभावी ठरला, पण शिकाऱ्यांनाच तो नकोसा झाल्याने २०११ मध्ये कायद्याने रद्द झाला.

पैशाचाही पेच आहे. राज्यांची वन्यजीव खाती मुख्यतः परवाना शुल्कावर आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील करातून मिळणाऱ्या निधीवर चालतात. भरपूर हरणे दिसावीत अशी ज्याची इच्छा, त्याच्याच पैशावर ती कमी करायची!

शिवाय वस्तीजवळ गोळी झाडता येत नाही, आणि हरणे तर उपनगरांतच माजतात. कळप विरळ झाला की उरलेल्या माद्यांना चारा अधिक मिळून पाडसेही अधिक होतात. न्यूझीलंडमध्ये शिकारीच्या हौसेपोटी आणून सोडलेली तांबडी हरणे हौशी शिकाऱ्यांना आवरली नाहीत. १९३० च्या दशकापासून सरकारने पगारी शिकारी नेमले, आणि १९६० च्या दशकात मांसाच्या व्यापारासाठी हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाल्यावरच त्यांची संख्या झपाट्याने खाली आली.