व्हेटर्नरी विद्यार्थ्यांची एक्स्टर्नशिप

व्हेटर्नरीचा विद्यार्थी स्वतःच्या कॉलेजचा दवाखाना सोडून बाहेर कुठेतरी, म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, खासगी क्लिनिकमध्ये, दूध संघात, घोड्यांच्या स्टड फार्मवर नाहीतर वन्यप्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरला काही दिवस ते काही आठवडे राहतो आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम शिकतो, ती एक्स्टर्नशिप. आपल्याकडे मुलं याला सरसकट पोस्टिंग किंवा 'फिल्डला जाणं' म्हणतात आणि कॉलेजकडून लागणारी इंटर्नशिप व सुट्टीत स्वतः ओळखीने मिळवलेली जागा यात फारसा फरक करत नाहीत.

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 2016 च्या नियमांप्रमाणे बीव्हीएस्सी अँड एएच ही पशुवैद्यकाची पदवी हा साडेपाच वर्षांचा कोर्स आहे आणि त्यातलं शेवटचं एक वर्ष सक्तीच्या इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात ही पदवी नागपूरच्या माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, आणि परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही त्यातली जुनी कॉलेजं. परळचं कॉलेज 1886 मध्ये सुरू झालं तेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या हॉस्पिटलला धरून, म्हणजे शिकायचं तर दवाखान्यातच हे तेव्हापासून ठरलेलं आहे. इंटर्नशिपमध्ये कॉलेजच्या क्लिनिकसोबत जनावरांचा फार्म, सरकारी दवाखाना, वन्यप्राणी वगैरे ठिकाणी आळीपाळीने पाठवतात. त्याआधीच्या वर्षांत सुट्टीत कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघायचं, आणि ते बहुतेक वेळा सिनियरचा फोन नंबर आणि सरांची चिठ्ठी यावरच ठरतं.

मग बाहेर जायचंच कशाला, कॉलेजला क्लिनिक असतं ना? असतं, पण मुंबईत शिकणाऱ्या मुलाच्या टेबलावर दिवसभर कुत्री-मांजरंच जास्त येतात, रात्री दोन वाजता अडलेली म्हैस तिथे कोण आणणार. शिवाय कॉलेजला येणारी मोठी जनावरं बरेचदा दोन-तीन ठिकाणी इंजेक्शनं घेऊन शेवटचा उपाय म्हणून आलेली असतात, आजाराचा पहिला दिवस कसा दिसतो ते तिथे कळतच नाही. तो गोठ्यात कळतो.

म्हणून कोणी विचारलं तर पहिली एक्स्टर्नशिप तालुक्याच्या ठिकाणी करावी असंच सांगेन, जिथे पशुधन विकास अधिकारी चालवतात असा श्रेणी-1 चा दवाखाना आहे आणि आसपास संकरित गाई भरपूर आहेत. तिथे सकाळी खोड्यात, म्हणजे जनावर हलू नये म्हणून उभं करायच्या चौकटीत, गाई लागतात आणि गाभण तपासणी सुरू होते. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा ग्लोव्ह, साबणाचं पाणी, आधी शेण काढायचं आणि मग हाताने गर्भाशय शोधायचं. सुरुवातीला काहीच लागत नाही, गाय कुंथली की मनगट आवळलं जातं, हात बधिर होतो, आणि सर मागून विचारतात काय लागलं, तेव्हा खोटं बोलायचा मोह होतो. दोन महिन्यांची गाभण सरावलेल्या हाताला सहज कळते, नवख्याला चार महिन्यांचीही चुकते. यावर पुस्तक वाचून इलाज नाही, खूप गाई तपासणं एवढाच आहे. कृत्रिम रेतनाचंही तेच. नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उणे 196 अंशांवर ठेवलेली वीर्याची पाव मिलीची स्ट्रॉ चिमट्याने काढायची, 37 अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट धरायची, पुसायची, रेतनाच्या गनमध्ये भरायची. दिसायला सोपं, पण माज, म्हणजे गाय फळायची वेळ, नीट ओळखलेला नसेल तर पुढचं सगळं वाया, आणि तो ओळखायचा तर मालकाला नेमकं विचारता आलं पाहिजे. 'काका, सोट (माजावरच्या गाईचा चिकट स्राव) कधी दिसला, सकाळी का रात्री' हे विचारायला कॉलेजात शिकवत नाहीत.

मिल्क फिव्हरची, म्हणजे व्यायल्यावर गाईच्या रक्तातलं कॅल्शियम घसरतं त्या आजाराची केस तर प्रत्येकाने एकदा तरी बघावी. जास्त दुधाची गाय, व्यायलेली कालपरवा, आणि आता मान बरगडीवर टाकून बसलीय, कान गार, ताप तर नाहीच, उलट अंग थंड. मालक घाबरलेला. डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलीची बाटली मानेच्या शिरेतून हळूहळू सोडतात आणि मुलाच्या हातात स्टेथोस्कोप देतात, कारण कॅल्शियम घाईने गेलं तर हृदय बंद पडू शकतं, ठोके बिघडले की लगेच सांगायचं काम त्याचं. अर्धी बाटली जाईपर्यंत गाय थरथरायला लागते, ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा बाटली संपल्यावर थोड्या वेळात उठून उभी राहते. मालक 'डॉक्टरसाहेब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही' म्हणतो, आणि पुढच्या वेळी गाभण गाईच्या खुराकाबद्दल सांगितलेलं ऐकतोही.

हे सगळं नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच, कारण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम 30 नुसार नोंदणी नसलेल्याला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. म्हणजे हातात किती काम येणार ते पूर्णपणे त्या डॉक्टरवर. काही जण दुसऱ्याच दिवशी सुई हातात देतात, काही जण महिनाभर रजिस्टर लिहायला बसवतात, आणि प्रमाणपत्र दोन्हीकडे सारखंच मिळतं. मानधन मिळतं ते इंटर्नशिपच्या वर्षात, तेही एमबीबीएसच्या इंटर्नपेक्षा कमी ही जुनी तक्रार आहे, आणि सुट्टीतल्या एक्स्टर्नशिपला बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण सुटलं तरी खूप.

सर्जरीचा हात बसवायचा असेल तर कुत्र्यांच्या नसबंदीचं काम चालतं तिथे जावं. वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस या संस्थेची ट्रेनिंग सेंटर्स उटीला आणि गोव्यात आहेत, पशुवैद्यकांना आणि विद्यार्थ्यांना तिथे नसबंदीची शस्त्रक्रिया शिकवतात. एकच ऑपरेशन रोज करायला मिळतं हा त्याचा फायदा, कारण छोट्या छेदातून बोटाने अंडाशय शोधणं, बंध सैल करणं, टाका घट्ट बसलाय का बघणं हे पाच-सहा कुत्र्यांनंतरच जमायला लागतं. गोव्यात मिशन रेबीजचं लसीकरणही चालतं, जाळी घेऊन गल्ल्यांतून फिरायचं, कुत्रं पकडून टोचायचं आणि मोबाइल ॲपवर नोंद करायची, वस्तीतल्या 70 टक्के कुत्र्यांना लस हे लक्ष्य. 2021 मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं, त्यामागे असं पायपिटीचं काम आहे.

वन्यप्राण्यांचं आकर्षण सगळ्यांना, नागपूरचं गोरेवाडा, बोरिवलीचं नॅशनल पार्क, जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र ही नावं प्रत्येक बॅचमध्ये निघतात. जावं जरूर, पण बिबट्याला हात लावायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नये, तिथे बराच वेळ खाद्य, पिंजरे आणि निरीक्षण यातच जातो आणि बेशुद्ध करायचं काम अनुभवी माणसंच करतात. त्या मानाने पुण्याकडचे स्टड फार्म किंवा उरुळी कांचनची बाएफ ही पशुपालनातली संस्था इथे शिस्तीत शिकायला मिळतं. पोल्ट्रीकडे मुलं बघतच नाहीत, खरंतर मेलेल्या कोंबडीचं पोस्टमॉर्टेम करून शेडचं निदान करणं ही मोठी विद्या आहे.

परदेशात हा प्रकार जास्त बांधीव आहे. अमेरिकेत शेवटच्या क्लिनिकल वर्षात विद्यार्थी साधारण दोन ते चार आठवडे बाहेरच्या हॉस्पिटलला जातात. ब्रिटनमध्ये याला एक्स्ट्रा म्युरल स्टडीज म्हणतात, बरीच वर्षं तिथे एकूण 38 आठवडे लागायचे, 12 पशुपालनाचे आणि 26 क्लिनिकल, नंतर ते कमी केले. तिकडची मुलं वसंतात मेंढ्या विण्याच्या हंगामात फार्मवर रात्रपाळी करतात, ती त्यांची फिल्ड. आपली पदवी घेऊन अमेरिकेत लायसन्ससाठी ईसीएफव्हीजी या परदेशी पदवीधरांसाठीच्या प्रमाणपत्राच्या मार्गाने जाणाऱ्यांना शेवटी प्रत्यक्ष हाताने करायची परीक्षा द्यावी लागते, तिथे गोठ्यातला सराव कामी येतो.

निघायच्या आधी रेबीजची आगाऊ लस पूर्ण करून घ्यावी, नेहमीच्या वेळापत्रकात 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. लाळ गाळणाऱ्या गाईच्या घशात काहीतरी अडकलंय असं मालक सांगतो आणि उत्साही विद्यार्थी उघडा हात तोंडात घालतो, ती गाय रेबीजची निघू शकते. गर्भपात झालेली गाय किंवा अडकलेली वार (व्यायल्यावर पडायला हवी ती झार) हाताळताना ग्लोव्ह हवाच, ब्रुसेला हा जंतू माणसाला लागतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लावतो. ग्लोव्ह, गमबूट, थर्मामीटर आपले न्यावेत, दवाखान्यात पुरतील याचा भरवसा नाही, आणि जायच्या आधी तिथे जाऊन आलेल्या मुलाला फोन करून एकच विचारावं, सर हात लावू देतात का.