खंडव्याचा अकरावा नग

इंदूरच्या मराठी घरात चार जुनी माणसं जमली, की गप्पांची गाडी हमखास खंडव्याला पोचते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि पुढे इंदूर मीटरगेजने खंडव्याला जोडलं गेलं. तिथून पुढची लाईन ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रुळांची. त्यामुळे भुसावळ, नाशिक, मुंबई, कुठेही लग्नामुंजीला निघालं, की खंडव्याला सगळा बाडबिस्तरा उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. अपरात्री, पेंगणाऱ्या पोरांसकट. हा द्राविडी प्राणायाम पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि बहुतेक घरांच्या वाट्याला खंडव्याची एकेक गोष्ट आली.

आमच्याकडची अशी. नानांना सामानाचे नग मोजायची भारी हौस. ट्रंका, होल्डॉल, सुरई, फराळाचा डबा असं करत उतरताना अकरा, चढल्यावरही अकरा. नाना निर्धास्त झोपले. बऱ्हाणपूर मागे पडल्यावर काकूने पोरांसाठी डबा शोधला, तेव्हा उलगडा झाला. अकरावा नग म्हणजे कुणा परक्याचं गाठोडं होतं आणि आमचा डबा खंडव्याच्या बाकावरच राहिला होता. "मोजणी बरोबर होती," एवढंच नाना म्हणाले. काकू भुसावळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

त्या रात्री गाडीच्या त्या डब्यात कुणालाही हसू आलं नव्हतं. आज हीच गोष्ट निघाली की माणसं डोळे पुसत हसतात. हे होतं कसं, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच छडा लावला आहे.

पहिला धागा भावनांच्या झिजेचा. रिचर्ड वॉकर, जॉन स्कोवरॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना रोजच्या घटना लिहून ठेवायला लावल्या. त्या वेळी काय वाटलं, तेही नोंदवायला सांगितलं. काही काळाने तीच घटना दाखवून विचारलं, आता आठवून काय वाटतं? भावना दोन्ही बाजूंनी फिक्या पडल्या होत्या, पण सारख्या नाही. राग, लाज, चरफड लवकर ओसरली. आनंद त्या मानाने टिकला. पुढे निरनिराळ्या संस्कृतींतल्या दहा गटांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही हाच कल दिसला. घटना दुसऱ्यांना सांगितली गेली असेल, तर अप्रिय भावना आणखी लवकर मावळते, असंही या मंडळींना आढळलं. मात्र ज्यांचं मन खिन्नतेकडे झुकलेलं असतं, त्यांच्यात हा फरक बराच कमी पडतो. "सोड रे, पुढे हसशील यावर" हा सल्ला म्हणूनच सरसकट सगळ्यांना देण्यात अर्थ नाही.

पण राग विझला म्हणजे हसू फुटतंच, असंही नाही. नुसता राग गेला तर उरेल ती एक बिनमहत्त्वाची घटना. हसू येण्यासाठी काय लागतं, याबद्दल पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकन संशोधकांनी २०१० साली एक मांडणी केली: काहीतरी वावगं घडलेलं असावं लागतं आणि त्याच क्षणी ते बिनधोकही वाटावं लागतं. यातली एक बाजू नसली की विनोद बारगळतो. घरातल्याने गुदगुल्या केल्या तर हसू येतं, अनोळखी माणसाने केल्या तर आपण पोलिसाला हाक मारू.

काळाचा हात इथे दिसतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी नावाचं चक्रीवादळ आदळलं. त्यावरचे विनोद मॅकग्रॉ यांच्या गटाने वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना वाचायला दिले. संकट ताजं असताना ते खुपले, महिना उलटल्यावर सर्वांत जास्त हसवून गेले आणि शंभर दिवसांच्या आसपास पुन्हा फिके पडले. म्हणजे जवळून बोचतं, फार लांबून कंटाळा येतो.

त्याच गटाच्या आणखी एका प्रयोगात माझ्या मते खरी गंमत आहे. मोठा अपघात जुना झाला की अधिक विनोदी वाटतो, पण पायाच्या अंगठ्याला ठेच लागण्यासारखी किरकोळ फजिती ताजी असतानाच जास्त हसवते, जुनी झाली की तिच्यातला दम जातो, असं लोकांनी सांगितलं. हे जर खरं, तर हरवलेल्या डब्याची गोष्ट कधीच विझायला हवी होती. कुणाला खरचटलंही नाही, फार तर दशम्या गेल्या आणि थोडी चटणी. साध्यासुध्या आयुष्यातल्या बहुतेक आठवणी असल्याच असतात, ठेच लागण्याच्या मापाच्या. मग त्या वर्षानुवर्षं हसवतात कशा?

मला वाटतं, त्यांना तसंच्या तसं कुणी ठेवतच नाही. खंडव्याचं ते गाठोडं माझ्या लहानपणी नुसतं गाठोडं होतं. मग त्यातून एक क्लॅरिनेट निघाली. पुढे ते गाठोडं बँडवाल्याचं ठरलं आणि हल्लीच्या आवृत्तीत तो बँडवाला प्लॅटफॉर्मवरून गाडीमागे धावतो. ही आवृत्ती सर्वांत रंगवून सांगतात ते बाळूकाका, ज्यांचा जन्म त्या प्रवासानंतर दोन वर्षांनी झाला! त्यांना तसं म्हटलं, की ते म्हणतात, "अरे, मला अजून तो धावताना दिसून राहिलाय." आणि ते खोटं बोलत नसावेत. आठवण मनात कुठून आली, हे प्रत्यक्ष पाहण्यातून की कुणाच्या तोंडून, याची खूणगाठ आपल्याला फार कच्ची बांधता येते.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली हे दाखवून दिलं होतं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा दिली आणि काही काळाने, मग आणखी काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळत गेले, त्यांच्या जागी ओळखीचे आले. सीलची शिकार करायला निघालेली माणसं मासेमारीला गेली. आठवताना आपण गोष्ट पुन्हा रचतो, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष. मेंदूच्या पातळीवर या म्हणण्याला एक अनपेक्षित आधार २००० साली मिळाला. करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेदू यांनी उंदरांना एका आवाजाची धास्ती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध टोचलं. धास्ती पुसली गेली. आठवण जागी न करता औषध टोचलेल्या उंदरांत ती शाबूत राहिली. कपाटातून काढलेली पैठणी परत ठेवताना घडी नव्याने घालावी लागते, तशी जागी झालेली आठवण मेंदूला पुन्हा पक्की करावी लागते, आणि तेवढ्या वेळात ती बदलू शकते. उंदरांच्या भीतीवरून थेट बाळूकाकांच्या क्लॅरिनेटवर उडी मारणं बरोबर नाही, हेही खरंच. पण रंगवून सांगण्याचा परिणाम माणसांवरही तपासला गेला आहे. २००४ साली एका प्रयोगात काहींनी वाचलेली गोष्ट मजेदार करून सांगितली, काहींनी जशीच्या तशी. पुढे आठवायला लावल्यावर मजेदार करणाऱ्यांच्या आठवणीत तपशील कमी निघाले. घरातल्या सर्वांत फर्ड्या गोष्टीवेल्हाळाला साक्षीदार म्हणून उभं करू नये, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट काळाबरोबर सरकते, ती पाहण्याची जागा. ताजा प्रसंग आपण स्वतःच्या डोळ्यांतून आठवतो: समोर काकूचा संतापलेला चेहरा. जुना प्रसंग पुष्कळदा बाहेरून दिसतो, त्यात आपण स्वतःही एक पात्र असतो. जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नायसर यांनी १९८३ मध्ये हा फरक नोंदवला. नानांना शेवटी शेवटी स्वतःच हसू यायचं, त्याचं कारण हेच असावं. त्यांना गाडीच्या डब्यात उभा असलेला, बोटांवर नग मोजणारा एक बंडीतला इसम दिसत असणार.

आणि मग मंडळी लागतात. एकट्याने बसून खंडवा आठवला तर फार तर ओठ हलतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकांच्या नकळत मॉलमध्ये, रस्त्यांवर हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले. विनोद म्हणता येईल असं वाक्य त्यातल्या २० टक्क्यांहूनही कमी प्रसंगांत होतं. एकटं असण्यापेक्षा माणूस चारचौघांत जवळजवळ ३० पट अधिक हसतो, असंही त्यांना दिसलं. पडताळा घ्यायचा तर रविवारी सकाळी राजवाड्याजवळ पोह्यांच्या ठेल्यापाशी उभं राहावं. "काय, आज जिलेबी नाही?" "डॉक्टरने पोहे बंद केलेत, जिलेबीचं काही बोलला नाही." यावर सगळे खदखदून हसतात, पोह्यांवरचा जिरावण मसाला सांडेपर्यंत. हेच वाक्य छापून आलं तर कोरडं वाटेल. एकत्र हसल्यावर दुखणं सोसण्याची ताकद वाढते, असं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत दिसलं. शरीरातली वेदनाशामक एंडॉर्फिन्स त्यामागे असावीत, असं त्यांचं म्हणणं.

आता उरला प्रश्न कच्च्या मालाचा. लग्न, सहल, बक्षीस समारंभ यांचे अल्बम आपण जपतो. मधल्या दिवसांचं काहीच ठेवत नाही, कारण त्यात ठेवण्यासारखं काय, असं वाटतं. हा अंदाज चुकतो, हे टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. बॉस्टन परिसरातल्या विद्यार्थ्यांनी अलीकडचं एखादं संभाषण, ऐकलेली गाणी, आपापसातला एखादा विनोद असलं किरकोळ काहीबाही लिहून ठेवलं. तीन महिन्यांनी ते वाचायला मिळालं, तेव्हा त्यांना आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मजा आली. दुसऱ्या पाहणीत काही जोडप्यांतल्या लोकांनी व्हॅलेंटाइन दिवसाचं वर्णन लिहिलं, काहींनी एका साध्या दिवसाचं. अंदाज जास्त चुकला तो साध्या दिवसाबद्दलच.

आमच्या आजीची हिशेबाची वही वाचताना हे पटतं. तिला डायरी लिहायची नव्हती, पै-पैचा ताळा लावायचा होता. तरी मधूनच अशा ओळी येतात: 'दूध २ शेर. पाणी घालतो म्हणून बोलले. उद्यापासून दूधही घालणार नाही म्हणाला.' दोन पानांनंतर तोच दूधवाला परत आलेला आहे आणि हिशेबात 'दूध (पाण्यासह)' अशी नोंद आहे. धोब्याच्या सदरात एके ठिकाणी लिहिलंय: 'दिले ९. आले ९. त्यातला एक सदरा ह्यांचा नाही, पण ह्यांना बसतो.' त्यापुढे बाण काढून, वेगळ्या शाईत, आजोबांच्या अक्षरात: 'माझाच आहे.' तो सदरा कुणाचा, यावर घरात अजून एकमत नाही.