प्रश्न ठरवण्याआधीचं वाचन

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत बरंच रक्त जातं. ते कमी जावं, रुग्णाला बाहेरून रक्त द्यायची वेळ येऊ नये म्हणून पूर्वी अ‍ॅप्रोटिनिन नावाचं औषध वापरत. त्याचा खरंच उपयोग होतो का हे तपासण्यासाठी १९८७ ते २००२ या काळात तब्बल ६४ चाचण्या झाल्या. कॅनडातल्या डीन फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्या सगळ्या तारखेच्या क्रमाने एकाखाली एक मांडल्या. प्रत्येक नव्या चाचणीपाशी थांबून त्यांनी पाहिलं, की तोवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर काय दिसतं. उत्तर १९९२ च्या जूनमध्ये, बाराव्या चाचणीपाशीच पक्कं झालेलं होतं: या औषधाने रक्त देण्याची गरज कमी होते. पुढच्या ५२ चाचण्यांनी त्यात नवीन काही सांगितलं नाही.

त्या ५२ चाचण्यांमध्येही काही रुग्णांना औषध मिळालं आणि काहींना मुद्दाम दिलं गेलं नाही. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा असं करणं योग्यच असतं. उत्तर छापून आलेलं असताना ते करणं म्हणजे माणसांना विनाकारण धोक्यात घालणं. मग संशोधकांना ते कळलं कसं नाही? फर्ग्युसन यांनी प्रत्येक शोधनिबंधाची संदर्भसूची तपासली, तेव्हा आपल्याआधी झालेल्या चाचण्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शाचाच उल्लेख त्यात सापडला. सगळ्यात मोठी चाचणी छापून आल्यावर आलेल्या ४४ निबंधांपैकी फक्त ७ निबंधांनी तिची दखल घेतली होती.

यातला मला सगळ्यात गंभीर वाटणारा भाग वेगळाच आहे. रक्तस्राव कमी होतो का, हा प्रश्न सुटला होता, पण हे औषध त्याच कामाच्या दुसऱ्या स्वस्त औषधांपेक्षा सुरक्षित आहे का, हा प्रश्न तसाच पडून होता. तो विचारणारी मोठी चाचणी फर्ग्युसन यांच्याच सहभागाने कॅनडात झाली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅप्रोटिनिन घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ६ टक्के निघालं, तर दुसऱ्या दोन औषधांच्या गटांमध्ये ते ४ टक्क्यांच्या आसपास होतं. चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि औषधाची विक्रीही थांबली. सुटलेल्या प्रश्नावर खर्च झालेली वर्षं या न सुटलेल्या प्रश्नाला मिळायला हवी होती.

पूर्वसंशोधनाचा आढावा कशासाठी घ्यायचा, याचं उत्तर इथे आहे. काय विचारायचं, विचारायचं की नाही, आणि कसं विचारायचं हे ठरवण्यासाठी तो असतो. म्हणून तो संशोधनाच्या आराखड्याआधी व्हायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. विषय ठरतो, शीर्षक ठरतं, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा जातो, आरआरसीची (विद्यापीठाच्या संशोधन समितीची) मंजुरी येते, प्रश्नावली भरून होते, आणि प्रबंध टंकायला बसल्यावर ‘प्रकरण दुसरे : संबंधित साहित्याचा आढावा’ लिहायला घेतलं जातं. त्या प्रकरणाचा साचा पीएच.डी. केलेल्या कुणालाही डोळे मिटून सांगता येईल. ‘अमुक यांनी २०११ मध्ये या विषयावर अभ्यास केला. त्यांनी २०० जणांचा नमुना घेतला. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.’ मग दुसरा परिच्छेद, दुसरं नाव, दुसरं साल. असे चाळीस-पन्नास परिच्छेद एकमेकांशी एक अक्षरही न बोलता ओळीने उभे असतात. शेवटी एक वाक्य येतं: ‘वरील आढाव्यावरून प्रस्तुत संशोधनाची गरज स्पष्ट होते.’ ती स्पष्ट झालेली नसते, कारण तिला स्पष्ट व्हायची संधीच मिळालेली नसते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो कष्टाचा आहे. एक मोठा तक्ता करायचा. आडव्या ओळीत एकेक अभ्यास आणि उभ्या रकान्यांत: कुठे केला, कधी, किती जणांवर, काय मोजलं, कशाने मोजलं, काय निघालं. वीस-पंचवीस ओळी भरल्या की तक्ता आडवा वाचण्याऐवजी उभा वाचायचा. ‘कशाने मोजलं’ हा रकाना वरून खाली वाचताना कदाचित दिसेल, की सगळ्यांनी एकच प्रश्नावली वापरली आहे आणि ती शहरी पदवीधरांसाठी बनवलेली होती. कदाचित दिसेल, की निष्कर्ष दोन गटांत विभागले आहेत आणि फरक फक्त मोजण्याच्या ऋतूचा आहे. नवा प्रश्न बहुतेक वेळा अशा उभ्या रकान्यातच सापडतो.

शोध किती मागे न्यायचा, हा मुद्दा मात्र हलका नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याशी संबंधित एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. त्यातली २४ वर्षांची एक स्वयंसेविका फुप्फुसं निकामी होऊन दगावली. प्रयोगाआधी संशोधकाने पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर शोध घेतला होता, पण तेव्हा पबमेडमध्ये १९६६ पासूनचेच निबंध होते. हे रसायन १९५० च्या दशकात रक्तदाबावर औषध म्हणून वापरलं जायचं आणि त्याने फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी त्याच दशकात छापून आल्या होत्या. त्या ग्रंथालयात छापील स्वरूपात होत्या, पडद्यावर दिसत नव्हत्या.

आज शोधगंगेवर भारतातले लाखो प्रबंध उघडता येतात, आणि २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेमुळे सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. ही मोठीच सोय आहे. तरीही पुणे जिल्ह्यातल्या शेतजमिनीच्या तुकडेकरणावर काम करणाऱ्या मुलाने कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी केलेली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी वाचली नाही, तर त्याचा आढावा अपुरा आहे. ती १९१७ मध्ये छापली गेली. आज जिथे उंच सोसायट्या आहेत तिथल्या शेतांचे तुकडे कसे पडत गेले, याचा हिशोब तिच्यात आहे, आणि तुलनेसाठी शंभर वर्षांपूर्वीचे आकडे आयते मिळतात.

जुनं वाचन धोका टाळतं तसं पद्धतही सुचवतं. चीनमध्ये मलेरियावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम १९६७ मध्ये सुरू झाली. दोन वर्षांनी तिच्यात आलेल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी आधी जुने वैद्यकग्रंथ आणि वैद्यांकडचे पाठ चाळून दोन हजारांवर नोंदी गोळा केल्या. त्यातली चिंगहाओ ही वनस्पती, आपला दवणा ज्या कुळातला त्याच कुळातली, कधी गुण द्यायची, कधी अजिबात नाही. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथात तू यूयूंना एक ओळ सापडली: मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस सगळा प्यावा. यात उकळणं कुठेच नव्हतं. उष्णतेने औषधी अंश नष्ट होत असेल, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या अर्काने उंदरांमधले मलेरियाचे परजीवी पूर्ण मारले. त्या वनस्पतीतून मिळालेल्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

आता ‘रिसर्च गॅप’, म्हणजे आधीच्या संशोधनातली उणीव, या आपल्याकडच्या लाडक्या शब्दाबद्दल. ‘या विषयावर आमच्या तालुक्यात अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य शेकडो सिनॉप्सिसमध्ये असतं. तालुका बदलल्याने उत्तर का बदलावं, हे सांगता आलं तरच ती उणीव खरी. अशी खरी उणीव कशी असते, याचं एक उदाहरण नागपूरपर्यंत येतं.

वेळेआधी प्रसूती होण्याची चिन्हं दिसली की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. पुढे अनेक चाचण्या झाल्या, पण त्यांचा नीट एकत्रित आढावा पॅट्रिशिया क्रोली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला तो १९९० मध्ये. फायदा निर्विवाद होता. मात्र त्या आढाव्यातला ‘कुठे केला’ हा रकाना वाचला, की बहुतेक चाचण्या सधन देशांतल्या सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या हे दिसतं. गावातल्या दवाखान्यात, जिथे गर्भ नेमका किती आठवड्यांचा आहे हेच ठाऊक नसतं आणि नवजात अतिदक्षता विभाग नसतो, तिथे हेच इंजेक्शन काय करील? उत्तर वेगळं येऊ शकतं, असं मानायला इथे ठोस कारण होतं.

हा प्रश्न घेऊन सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली तिची केंद्रं नागपूर आणि बेळगाव इथे होती. २०१५ मध्ये आलेला निकाल धक्कादायक होता. खूप कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती प्रत्यक्षात वेळेआधी झालीच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढची चाचणी आखली ती हा निकाल समोर ठेवूनच. भारतासह पाच देशांतली २९ रुग्णालयं निवडली. गर्भाचं वय सोनोग्राफीने पक्कं करायचं, २६ ते ३३ आठवड्यांच्या स्त्रियाच घ्यायच्या, आणि नवजात बाळाची किमान काळजी घेता येते अशाच ठिकाणी काम करायचं, असं ठरलं. २०२० मध्ये निकाल आला: औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळं दगावली होती, मिळालेल्या गटात १९.६ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली.